ईझिंग आणि मोशन ब्लर: दोन्ही एकाच वक्रातून

आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ-ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये मोशन ब्लर (वेगामुळे वस्तूच्या कडा पुसट पसरणं) म्हणजे फक्त एक खूण. लेयरसमोरच्या चौकटीत क्लिक करा, टाइमलाइनवरचं बटण दाबा, झालं. एका मराठी न्यूज चॅनेलच्या ग्राफिक्स डेस्कवर मी बरीच वर्षं काढली. निकालाच्या पट्ट्या, गुणफलक, 'ब्रेकिंग'चे लाल ठोकळे दिवसभर स्क्रीनवर पळायचे आणि ब्लर कुठून येतो याची कुणालाच फिकीर नसायची. आता मी वेबसाइट्स करते, आणि सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ही खूण नाही. फिल्टरमधला ब्लर आहे, पण तो चारी बाजूंना सारखा पसरतो. पळणाऱ्या कार्डाला तो लावला तर कार्ड वेगात आहे असं वाटत नाही, कॅमेऱ्याचा फोकस गेलाय असं वाटतं.

मग बरेच जण काय करतात? ईझिंग (हालचालीचा वेग कसा चढतो-उतरतो ते) एकीकडे ठरवतात, ब्लरचा आकडा दुसरीकडे अंदाजाने टाकतात आणि डोळ्यांना बरं दिसेपर्यंत दोन्ही हलवत बसतात. याची काही गरज नाही. वेळेनुसार अंतर कसं वाढतं हे ईझिंगचा वक्र सांगतो. त्या वक्राचा उतार म्हणजे वेग. आणि कॅमेऱ्याचं शटर उघडं असताना त्या वेगात जेवढं अंतर कापलं जातं, तेवढा ब्लर. म्हणजे वक्र ठरला की ब्लरही ठरला. तो वेगळा निवडायचा नसतो, मोजायचा असतो.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच ठेवू: कबड्डी स्पर्धेच्या पानावर उजवीकडून आत येणारं गुणांचं कार्ड. रुंदी ३२० पिक्सेल, कापायचं अंतर ६०० पिक्सेल, वेळ ३०० मिलिसेकंद.

सीएसएसची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीच्या रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी अंकांत टाका. तुमच्या स्वतःच्या व्हेरिएबलची आणि क्लासची नावं मात्र खरोखर देवनागरीत चालतात. '--अंतर', '--अवधी', '.धाव' हे सगळं सीएसएसला मान्य आहे. मी तशीच लिहिते. सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी काय कशासाठी होतं ते लगेच कळतं.

वक्र आधी वाचता आला पाहिजे

ईझिंगचा वक्र सीएसएसमध्ये क्युबिक-बेझिएने लिहितात. त्यात चार आकडे असतात: पहिल्या हँडलचे (वक्राला ओढणाऱ्या बिंदूचे) आडवा आणि उभा, मग दुसऱ्याचे आडवा आणि उभा. वक्राची सुरुवात शून्य-शून्यावर आणि शेवट एक-एकवर, हे पक्कं. आडवे आकडे ० ते १ च्या आतच हवेत, कारण आडवी बाजू वेळेची आहे आणि वेळ मागे जात नाही. उभे आकडे बाहेर गेले तरी चालतं. वस्तू जागेच्या पुढे जाऊन परत येते ती त्यामुळेच. (रेनोमधल्या पिएर बेझिए यांच्या नावाने हे वक्र ओळखले जातात. सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जो यांनीही तेच गणित स्वतंत्रपणे मांडलं होतं. दोघांचं काम मोटारींच्या पत्र्याचे आकार काढण्याचं.)

आता कामाची गोष्ट. पहिल्या हँडलचा उभा आकडा भागिले आडवा आकडा, हा सुरुवातीचा वेग, सरासरी वेगाच्या पटीत. शेवटचा वेग म्हणजे (१ वजा दुसरा उभा) भागिले (१ वजा दुसरा आडवा). नुसत्या 'ईझ'चे आकडे ०.२५, ०.१, ०.२५, १. म्हणजे सुरुवात ०.१ भागिले ०.२५, सरासरीच्या ०.४ पट, शेवट शून्य. 'ईझ' लिहिल्यावर गोष्टी किंचित रेंगाळून निघाल्यासारख्या वाटतात, त्याचं कारण हे. सगळीकडे चिकटवला जाणारा तो उसळता वक्र घ्या: ०.३४, १.५६, ०.६४, १. सुरुवातच १.५६ भागिले ०.३४, म्हणजे साडेचार पटीहून जास्त. शिवाय तो जागेच्या साधारण दहा टक्के पुढे जाऊन मागे येतो. आपल्या कार्डासाठी ते जवळजवळ ६० पिक्सेल झाले. मोबाइलवर कार्ड चक्क स्क्रीनच्या कडेवर आपटून आल्यासारखं दिसतं. छोट्या बॅजला तो वक्र शोभतो, कार्डाला नाही.

आत येणाऱ्या वस्तूला कुठला वक्र द्यायचा? एसटी हायवेवरून वेगात येते आणि फलाटाला लागताना ब्रेक मारते. फलाटाजवळ आल्यावर वेग घेत नाही. आत येणारी वस्तू स्क्रीनच्या बाहेरूनच वेगात यायला हवी, म्हणून ईझ-आउट. बाहेर जाणारीला ईझ-इन. आणि स्क्रीनवरच एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणारीला दोन्ही. यापलीकडे मी फार विचार करत नाही.

पण ईझ-आउट म्हणताना तयार शब्द लिहू नका. हे चार आकडे लिहा: ०.३३३, ०.६६७, ०.६६७, १. ही फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळात रॉबर्ट पेनर यांच्या सूत्रांनी रुळवलेली 'क्वॉड' ईझिंग, बेझिएच्या रूपात अगदी तंतोतंत बसलेली. एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश हे आडवे आकडे घेतले की वेळेची बाजू सरळ रेषेत चालते आणि उरतो तो शुद्ध वर्ग. ईझ-इनची क्वॉड: ०.३३३, ०, ०.६६७, ०.३३३.

एवढा आटापिटा कशासाठी, तर वर्गाचा उतार सरळ रेषा असतो. क्वॉड ईझ-आउटमध्ये वेग सुरुवातीला सरासरीच्या बरोब्बर दुप्पट असतो आणि शेवटी शून्यावर येतो, मधे एका सरळ रेषेत उतरत. म्हणजे ब्लरही तसाच: सुरुवातीला पूर्ण, शेवटी शून्य, मधलं टायमिंग 'लिनिअर'. ब्लरच्या अ‍ॅनिमेशनला वेगळा वक्र शोधायचाच नाही. सगळ्या गाइडचा अर्धा जीव इथे आहे.

तुमच्या डिझाइन सिस्टिमने गूगलच्या 'मटेरियल'चा ०.४, ०, ०.२, १ हाच वक्र सक्तीने दिला असेल, तर तोही मोजता येतो. त्याचा वेग सरासरीच्या साधारण २.७ पटीपर्यंत चढतो, आणि तो शिखराला पोचतो एकूण वेळेच्या ३० टक्क्यांवर. ३०० मिलिसेकंदांत ९० व्या मिलिसेकंदाला. पाहणाऱ्याला तो वक्र 'मधोमध' वेगवान वाटतो, पण तसा तो नाही. ब्लरच्या कीफ्रेम (हालचालीतले ठरवलेले थांबे) ०, ३० आणि १०० टक्क्यांवर ठेवा, ५० वर नाही.

कीफ्रेमबद्दल एक सूचना. अ‍ॅनिमेशनला दिलेलं टायमिंग-फंक्शन पूर्ण अ‍ॅनिमेशनवर पसरत नाही, प्रत्येक दोन कीफ्रेमच्या मधे नव्याने लागतं. ०, ५०, १०० टक्के असे तीन थांबे ठेवून वर ईझ-इन-आउट लिहिलं, तर वस्तू मधेच ब्रेक मारून पुन्हा निघते. हा तुमचा ब्राउझर बिघडलेला नाही. प्रत्येक कीफ्रेमच्या आत त्या पुढच्या तुकड्याचं टायमिंग लिहायचं: ० वर क्वॉड ईझ-इन, ५० वर क्वॉड ईझ-आउट.

शटर किती उघडं

फिल्मच्या कॅमेऱ्याचं नेहमीचं शटर १८० अंशांचं. फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं, निम्मा बंद. सेकंदाला २४ फ्रेमना एक्स्पोजर १/४८ सेकंद. आपल्याकडच्या टीव्हीला २५ फ्रेम, म्हणून १/५०, म्हणजे २० मिलिसेकंद. आफ्टर इफेक्ट्समध्येही आधीपासून भरलेला आकडा १८० च असतो. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला हाच हिशेब लावला तर साधारण ८ मिलिसेकंद येतात.

अडचण अशी की एकाच पानावर कुणी ६० हर्ट्झवर येतो, कुणी १२० वर. खऱ्या कॅमेऱ्याचं तत्त्व पाळायचं तर १२० वाल्याला ब्लर निम्मा द्यावा लागेल. मी ते करत नाही. मी शटर मिलिसेकंदांत ठरवते आणि सगळ्यांना तेच देते: रोजच्या हालचालींना ८, मोठ्या समारंभी दृश्याला २०. '--शटर' हा डिझाइनचा टोकन झाला, अगदी मुख्य रंगासारखा, आणि तो ठरवायला डिझायनरला गणित लागत नाही.

आता मोजू. ६०० पिक्सेल भागिले ३०० मिलिसेकंद, सरासरी २. क्वॉडचं शिखर दुप्पट, म्हणजे ४ पिक्सेल प्रति मिलिसेकंद. शटर ८, म्हणजे डाग ३२ पिक्सेलचा. पण ब्राउझरचा ब्लर गाउसचा, आणि त्याला हवं असतं ते प्रमाण विचलन (पसरण्याचं माप), डागाची लांबी नाही. लांबीला ३.४६ ने भागा (हे १२ चं वर्गमूळ, सपाट पसरलेल्या पट्ट्याचं विचलन तेवढंच येतं). ३२ भागिले ३.४६, म्हणजे ९ आणि थोडं वर. आपल्या कार्डाचा आकडा ९. हेच अंतर २०० पिक्सेलचं असतं तर ३ आला असता.

तीनच्या खाली आकडा आला की ब्लर लावू नका. बटणावर माउस नेल्यावर ते चार पिक्सेल उचललं जातं, त्याला ब्लर म्हणजे निव्वळ बॅटरीचा नाश.

दिशेचा ब्लर एसव्हीजीतून

सीएसएसच्या ब्लरला एकच आकडा देता येतो, पण एसव्हीजी या चित्रांच्या फॉरमॅटमधल्या एफई-गाउसियन-ब्लरच्या एसटीडी-डेव्हिएशनला, म्हणजे प्रमाण विचलनाला, दोन देता येतात: आडवा आणि उभा. पानात कुठेतरी एक न दिसणारा एसव्हीजी ठेवा, त्यात फिल्टर लिहा, त्याला आयडी द्या आणि विचलन '९ ०' ठेवा. मग सीएसएसमध्ये फिल्टर म्हणून यूआरएलने तो आयडी जोडा. कार्ड आता फक्त आडवं पसरतं, वरची आणि खालची कड धारदारच राहते.

यात दोन खाचखळगे. पहिला, फिल्टरचं क्षेत्र. काही न लिहिता ते प्रत्येक बाजूला १० टक्केच जास्त असतं. विचलन ९ असेल तर डाग साधारण २७ पिक्सेलपर्यंत जातो. ३२० च्या कार्डाला दहा टक्के म्हणजे ३२, निभावतं. पण त्याच पानावर ८० पिक्सेलचा 'सुपर रेड'चा बॅज असेल तर त्याला ८ च मिळतात आणि डाग सुरीने कापल्यासारखा उभा तुटतो. म्हणून फिल्टरवर एक्स उणे ५० टक्के आणि रुंदी २०० टक्के लिहूनच टाका.

दुसरा, रंगांचं गणित. एसव्हीजी फिल्टर काही न सांगता लिनिअर आरजीबीत (प्रकाशाच्या प्रमाणात मोजलेल्या रंगांत) चालतो, सीएसएसचे ब्लरसारखे तयार फिल्टर एसआरजीबीत (स्क्रीनच्या नेहमीच्या रंगांत). दोन्ही शेजारी लावले तर पांढऱ्यावरची काळी अक्षरं एसव्हीजीत जास्त फिकट होताना दिसतात. ते बरोबर आहे, कॅमेऱ्यात प्रकाशाची बेरीज तशीच होते. 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

आता खरी पंचाईत: एसटीडी-डेव्हिएशन हा अ‍ॅट्रिब्यूट आहे, सीएसएसची प्रॉपर्टी नाही. कीफ्रेममध्ये तो हलवता येत नाही. जावास्क्रिप्टने दर फ्रेमला बदलता येतो, पण मग ब्राउझरला दर फ्रेमला नवा ब्लर रंगवावा लागतो आणि स्वस्तातल्या फोनवर तो खर्च लगेच दिसतो. मी ब्लर हलवतच नाही. कार्डाच्या दोन प्रती ठेवते, एक धारदार, एक ९ च्या ब्लरमधली. सरकतो तो दोघींचा पालक, ट्रान्सफॉर्मने, क्वॉड ईझ-आउटने. आत ब्लरवाली प्रत अपारदर्शकता १ वरून ० वर, धारदार ० वरून १ वर, दोन्ही 'लिनिअर', दोन्ही ३०० मिलिसेकंद. ब्लरचं माप बदलत नाही, बदलते ती फक्त अपारदर्शकता, आणि ती कॉम्पोझिटरवर (तयार थर एकत्र करणाऱ्या ब्राउझरच्या भागात) स्वस्तात होते. फिल्टर आतल्या घटकावर लावा, अपारदर्शकता त्याच्या बाहेरच्या वेष्टनावर.

एवढंच केलं तर मधोमध कार्ड विरळ दिसेल. ५० टक्क्यांची एक प्रत ५० टक्क्यांच्या दुसऱ्या प्रतीवर ठेवली की एकूण १०० होत नाही, ७५ होते. उरलेल्या २५ मधून पार्श्वभूमी डोकावते. वरच्या वेष्टनाला मिक्स-ब्लेंड-मोड 'प्लस-लायटर' द्या, म्हणजे दोघींची सरळ बेरीज होते आणि कार्ड भरीव राहतं. पालकाला 'आयसोलेशन: आयसोलेट' द्या, नाहीतर ती बेरीज मागच्या पानातही मिसळते. ट्रान्सफॉर्म असलेला पालक तसाही वेगळा गट होतोच, पण उद्या कुणी ट्रान्सफॉर्म काढला तर? मी लिहून ठेवते. ब्लरवाल्या प्रतीला एरिया-हिडन लावायला विसरू नका, नाहीतर स्क्रीन रीडर गुण दोनदा वाचतो.

प्रत्येक अंतरासाठी वेगळा फिल्टर करत बसायचं नाही. माझ्याकडे तीनच असतात: विचलन ३, ९ आणि १६, आणि त्यांचे क्लास '.धाव-हळू', '.धाव', '.धाव-जोरात'. मधला आकडा आला तर जवळचा घ्यायचा. डोळ्याला ९ आणि ११ मधला फरक ३०० मिलिसेकंदांत कळत नाही.

तिरप्या हालचालीसाठी फिल्टर लावलेला बाहेरचा घटक हालचालीच्या कोनात फिरवा आणि आतला तेवढाच उलट फिरवा. कार्ड सरळ राहतं, डाग तिरपा पडतो. गोलाकार मार्गाला मात्र हा ब्लर चालत नाही, तिथे विरळ प्रतींची माळ लावावी लागते. ती भानगड कार्डासाठी करू नये.

देवनागरी अक्षरांचं वेगळं

हे इंग्रजीतल्या ट्युटोरियलमध्ये सापडत नाही, म्हणून जरा सावकाश. आडव्या ब्लरमध्ये आडवी रेघ तशीच राहते, कारण ती स्वतःवरच पसरते. 'पाटणा पायरेट्स' हे नाव विचलन ९ वर आडवं पसरवून बघा. काने आणि उभे दांडे विरघळून जातात, गोलाई राखाडी होते आणि वर शिरोरेघ काळीभोर, धारदार उभी असते. रोमन अक्षरांचा शब्द सगळा मिळून पुसट होतो. आपला शब्द दोरीवर धुकं वाळत घातल्यासारखा दिसतो. जाड वजनाच्या फॉन्टमध्ये हे जास्तच खटकतं. मी ब्लरवाल्या प्रतीत मजकुराचा रंग थोडा फिका घेते, साधारण ७० टक्के, आणि कार्डाचा रंग तसाच ठेवते. कार्डाचा रंगीत पट्टा वेग दाखवायला पुरतो, नाव तिथे वाचायचंच नसतं.

उभ्या हालचालीत उलटं. गुणांचे आकडे वर सरकवणारे काउंटर, किंवा खालून वर येणारी संघांची नावं, यात शिरोरेघ पसरून तिचा राखाडी पट्टा होतो आणि उभे दांडे टिकतात. तिथे आणखी एक घात होतो: खिडकीला ओव्हरफ्लो हिडन लावलेलं असतं आणि लाइन-हाइट इंग्रजी मजकुराच्या हिशेबाने १.१ वगैरे. उकार खालून कापला जातो, रफार वरून. 'पूर्णा' हा शब्द टाकून बघा, दोन्ही एकदम दिसतील. लाइन-हाइट १.५ च्या खाली आणू नका, आणि सरकण्याचं अंतर पिक्सेलमध्ये न लिहिता त्याच लाइन-हाइटवर बांधा.

ब्लर कुठे नको

डोळा ज्या वस्तूचा पाठलाग करतो तिला ब्लर देऊ नका. एलसीडी स्क्रीन प्रत्येक फ्रेम पूर्ण वेळ धरून ठेवते, आपला डोळा मात्र सरकत असतो, म्हणून पाठलाग करताना प्रतिमा आपोआपच थोडी पुसट होते. त्यावर तुमचा ब्लर चढला की दुहेरी. बोटाने ओढलेलं कार्ड, स्क्रोल होणारी यादी, मंद सरकणारी बातम्यांची पट्टी, सगळ्यांना ब्लर वर्ज्य. तो अचानक येणाऱ्या आणि पटकन जाणाऱ्या वस्तूंसाठी.

ट्रान्झिशन मधेच उलटवलं जाईल अशा जागीही जपून. मेन्यू उघडत असताना माणसाने पुन्हा दाबलं, तर सीएसएस जिथे आहे तिथून परत फिरवतं आणि वेळही त्या प्रमाणात कमी करतं, पण आधीचा वेग विसरतं. वेग एकदम बदलला की ब्लरही एकदम उडी मारायला हवा, आणि ती उडी डोळ्याला टोचते. अशा मेन्यूला नुसतं ईझिंग पुरे.

उसळणाऱ्या चेंडूसारखी हालचाल 'लिनिअर' फंक्शनमध्ये बिंदूंची यादी देऊन काढता येते. फायरफॉक्स ११२, क्रोम ११३ आणि सफारी १७.२ पासून, म्हणजे २०२३ मध्ये तिन्हीकडे ते आलं. ब्लर काढताना लागोपाठच्या दोन बिंदूंमधला फरक घ्या आणि उणे चिन्ह सोडून द्या. वस्तू मागे आली तरी डाग पडतोच. पण एका उसळीत तीन-चार शिखरं येतात आणि तेवढ्यांदा ब्लर लुकलुकतो. मी पहिल्या शिखरालाच ब्लर देते, पुढच्यांना नाही.

ज्यांना हालचालीने गरगरतं

काहींना पान सरकलं की खरोखर चक्कर येते, मळमळतं. त्यांनी फोनवर हालचाल कमी ठेवण्याची सेटिंग लावलेली असते आणि सीएसएसला ती प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन या मीडिया क्वेरीतून कळते. ही क्वेरी शेवटी, उरलेल्या जागेत जोडायची चीज नाही. माझ्या फाइलमध्ये 'धाव'चे तिन्ही क्लास 'नो-प्रेफरन्स'च्या आतच असतात. बाहेरचा, सगळ्यांसाठीचा नियम फक्त अपारदर्शकतेचा: कार्ड जागच्या जागी १५० मिलिसेकंदांत उमटतं. ज्याने काहीच मागितलं नाही त्यालाच धाव मिळते. आणि स्पर्धा चालू असताना आपोआप फिरत राहणारी गुणांची पट्टी पाच सेकंदांहून जास्त हलत असेल, तर तिला थांबवायचं बटण हवंच. डब्ल्यूसीएजी या वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत सगळ्यात खालच्या, 'ए' पातळीलाच ही अट आहे.

तपासताना क्रोमच्या डेव्हटूल्समधलं अ‍ॅनिमेशन्स पॅनेल उघडा. तिथे वेग २५ आणि १० टक्के करता येतो. वक्र बघायला १० टक्के उत्तम, ब्रेक कुठे लागतो ते स्वच्छ कळतं. ब्लर मात्र त्या वेगावर बघू नका. अवधी दहापट झाला, वेग दहावा हिस्सा उरला, पण ब्लर ९ चाच राहिला, म्हणून वेगाच्या मानाने डाग अवाच्या सवा मोठा दिसतो आणि हात लगेच आकडा कमी करायला जातो. ब्लर पूर्ण वेगावर बघा, तेही फोनवर: स्क्रीन रेकॉर्ड करा, रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढे सरकवा, आणि कार्ड आत शिरतानाच्या पहिल्या फ्रेममध्ये डाव्या कडेचा डाग मोजा. सीएसएसच्या हिशेबाने साधारण ३० पिक्सेल असेल तर हिशेब जमला (फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये ते दोन-तीनपट भरू शकतात). शेवटच्या दोन फ्रेममध्ये नाव वाचता यायला हवं. आणि ब्लर अर्ध्या वाटेवरच जवळजवळ विरला असेल तर बहुतेक ब्लरवाल्या प्रतीचं टायमिंग 'लिनिअर' लिहायचं राहिलं असेल आणि तिथे न सांगता 'ईझ' बसलं असेल.